रा. जाईबाईचं घर, बाळकुम

सगुणा कोळीला राग आला की आधी तिचे कान तापायचे, मग गाल, आणि मग तोंडातून जे बाहेर पडायचं ते ऐकायची साहेब लोकांना सवय नसायची. ठाण्यातल्या एका साथरोग संशोधन केंद्रात तिनं चौदा वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची तीन तापल्या कानांनीच काढली. केंद्रात तिला ‘तिखट बाई’ म्हणायचे. बाईचं बरोबर असलं आणि ती गप्प बसत नसली की तिला असं एखादं नाव ठेवून द्यायचं, म्हणजे मग तिचं ऐकावं लागत नाही. ही सोय आपल्याकडे फार जुनी आहे.

ती बाळकुमच्या कोळीवाड्यातली. बाप दामाजी लवकर गेला. आई जाईबाईनं डोक्यावर टोपली घेऊन दोन पोरं वाढवली, सगुणा आणि तिच्या पाठचा मोरू. मोरू टेम्पो चालवायला लागला आणि सगुणा शिकत सुटली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. झालेली ती कोळीवाड्यातली पहिलीच. आळीतल्या बायका जाईबाईला विचारायच्या, “पोर करतं तरी काय गो ठाण्याला?” जाईबाई ऐटीत सांगायची, “रगतातले जंतू मोजतं.” बायका म्हणायच्या, “मोजून करतं काय?” याला मात्र जाईबाईकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर पुढं पुढं सगुणाकडेही राहिलं नाही.

पण हात मात्र असा, की विचारू नका. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा जंतू शोधायचा हे तिचं काम. इतरांना जिथं नुसते ठिपके दिसायचे तिथं तिला नाजूक अंगठी दिसायची. ती अंगठी साध्या मलेरियाची की मेंदूत चढणाऱ्या फाल्सिपेरमची, हे ती चहा थंड व्हायच्या आत सांगायची. केंद्राचे प्रमुख डॉक्टर चांगदेव कारखानीस तिच्या काचा कधी पुन्हा तपासायचे नाहीत. त्यांना चष्मा लागल्यापासून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळाच लावला नव्हता, हेही त्यामागचं एक कारण. साहेब राहायचे डोंबिवलीला, घालायचे कडक इस्त्रीचा सफारी, आणि इंग्रजी असं लिहायचे की वाचणाऱ्यानं आधी मान डोलवावी आणि मग अर्थ शोधावा.

चौऱ्याऐंशी ते शहाऐंशी अशी तीन वर्षं केंद्रानं बाळकुम, माजिवडा आणि आसपासच्या तापाच्या रोग्यांची पाहणी केली. रक्त घ्यायला पोपट नावाचा कर्मचारी हिंडायचा. तो बोटाला सुई टोचायचा, काच भरायचा आणि चिठ्ठीवर नाव, वय, पत्ता लिहायचा. संध्याकाळी केंद्रात येऊन तेच रजिस्टरात उतरवायचा. रजिस्टरात पत्त्यासाठी एकच अरुंद रकाना होता, त्यात फक्त गावाचं नाव मावायचं. तीन वर्षांत फाल्सिपेरमचे सदतीस रोगी सापडले. सगुणानं रजिस्टरावरून तक्ता केला, तर सदतीसातले एकोणतीस एकट्या बाळकुम कोळीवाड्यातले.

साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी लेख लिहिला. खाडीकाठच्या मच्छीमार वस्त्या हे या तापाचं घर आहे, असा त्याचा मथितार्थ. पुढं दोन वाक्यं अशी होती, की हे लोक उघड्यावर जाळ्यांवर झोपतात आणि औषधाचा डोस पुरा करत नाहीत. ही दोन वाक्यं कुठल्या चिठ्ठीतून आली नव्हती, कुठल्या काचेवर दिसली नव्हती. ती साहेबांच्या डोक्यात आधीपासूनच बसलेली होती, लेखात जागा मिळाली तशी येऊन बसली.

इथं सगुणाही चुकली, आणि ते तिनं कधी कुणापासून लपवलं नाही. तिनं कच्चा खर्डा वाचला होता. ती दोन वाक्यं तिला खटकली होती. पण मथळ्याखाली ‘कारखानीस आणि कोळी’ असं टंकलेलं होतं, आणि त्या ‘कोळी’वरून तिची नजर हलेना. सत्त्याऐंशी साली लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. तिनं अंक घरी नेला. जाईबाईनं त्याच्यावर हळदकुंकू वाहून तो देवांशेजारी ठेवला.

मग पत्रं यायला लागली. त्या काळी एखादा लेख हवा असला की लोक लेखकाला पोस्टकार्ड टाकायचे, की कृपया एक प्रत पाठवा. ब्राझीलहून कार्ड आलं, थायलंडहून आलं, केनियातून आलं. पत्ता साहेबांचा, त्यामुळं कार्डं साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली जाऊन बसायची. प्रती पाकिटात घालून पाठवायचं काम प्रयोगशाळेतल्या सरोजकडे होतं. ती कोपरहून यायची, सगुणाची एकुलती एक मैत्रीण.

“अगं, आज चेकोस्लोव्हाकिया आलंय!” सरोज म्हणायची. “मला तर नीट बोलतापण येत नाय. तुमचा ताप लय फेमस झाला हां.”

ताप फेमस झाला तो असा, की अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात केंद्राच्या शिफारशीनं फवारणीचं पथक कोळीवाड्यात उतरलं. पाठीवर पंप बांधलेले आठ जण घराघरात शिरले. भांडी बाहेर काढा, पोरं बाहेर काढा, आणि भिंतींवर पांढरं औषध. अंगणात सुकत घातलेली सुकट त्यात गेली, जाळ्यांना वास बसला. बाजारात गिऱ्हाइकं विचारायला लागली, “बाळकुमची मासळी? नको बाई, तुमच्याकडे तो मेंदूचा ताप आहे म्हणे.” शाळेत मास्तरांनी कोळीवाड्यातल्या मुलांना वेगळ्या बाकांवर बसवलं.

एके दिवशी सगुणा घरी आली तेव्हा जाईबाई उंबऱ्यात बसलेली होती, मांडीवर तो हळदकुंकवाचा अंक.

“ह्याच्यान तुजा नाव हाय ना?” तिनं विचारलं.

“आहे.”

“मंग सांग मना. कोनाला ताप आयला आमच्या घरान? मोरूला आयला? मना आयला? शेजारच्या आवडाबायला आयला? नाव सांग.”

एकोणतीस रोगी तिच्याच गल्लीतले, आणि तिला एकाचंही नाव सांगता येईना. तीन वर्षं ती रोज याच गल्लीतून ये-जा करत होती. एकोणतीस माणसं मेंदूच्या तापानं फणफणली असती तर तिला कळलं नसतं? आकड्यांत तोंड खुपसून बसलेल्या बाईला हा साधा प्रश्न पडला नाही, आणि टोपली वाहणाऱ्या तिच्या आईला पडला. त्या रात्री सगुणाचे कान तापले ते स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी तिनं पोपटच्या मूळ चिठ्ठ्यांचं गाठोडं माळ्यावरून खाली काढलं. रजिस्टर नव्हे, चिठ्ठ्या. फाल्सिपेरमच्या एकोणतीस वेगळ्या केल्या आणि एकेक वाचली. दौलत, वय तीस, रा. जाईबाईचं घर, बाळकुम. रंगूबाई, वय तेवीस, रा. जाईबाईचं घर, बाळकुम. चंदू, सहदेव, गंगुबाई, सगळ्यांपुढं तेच. एकोणतीसपैकी अकरा जण तिच्या स्वतःच्या घरात राहत होते! दोन खोल्यांच्या घरात तिच्याशिवाय, आईशिवाय आणि मोरूशिवाय अकरा माणसं, आणि तिला पत्ताच नाही. आणखी तेरा जण आवडाबाईच्या घरात. खरे कोळीवाड्यातले म्हणावेत असे उरले पाच.

पण नावं तिच्या ओळखीची होती; तक्ता करताना तिनं नुसता गावाचा रकाना मोजला होता. बाळकुमच्या वेशीवर मोठमोठ्या इमारती उठत होत्या, त्यांच्या बांधकामावर देशावरून आलेली ही माणसं. राहायची तिथंच, पत्र्याच्या शेडमध्ये. शेडला ना नंबर ना नाव, पोस्टमन तिकडं फिरकायचाच नाही. गावाकडून पत्र यायचं तर कुठं यायचं? तेव्हा जाईबाईनंच एकदा मासळी विकता विकता दौलतला सांगितलं होतं, की माझ्या घराचा पत्ता दे, मी ठेवीन. तेव्हापासून देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात त्यांची पत्रं साचायची, आणि उरलेल्यांची शेजारी आवडाबाईकडे. रविवारी येऊन दौलत ती घेऊन जायचा, आणि अक्षर लागलं नाही तर सगुणाच वाचून दाखवायची.

ती तडक बांधकामावर गेली. दौलत विटांच्या ढिगावर बसून भाकरी खात होता, रंगूबाई पाठमोरी घमेलं घासत होती. नवरा-बायको दोघांनाही तो ताप होऊन गेलेला.

“दौलत, रक्त घ्यायला माणूस आला होता, त्याला तू आमच्या घराचा पत्ता का दिलास?”

“त्येनं इचारलं, पत्ता काय?” दौलत गोंधळला. “मग दिला की. पत्ता म्हंजी जितं आपलं पत्र येतं त्यो. आन् काय असतंय ताई?”

यात त्याचं काय चुकलं? त्याला कुणी विचारलंच नव्हतं, की बाबा, तू झोपतोस कुठं. डास चावतो तो झोपलेल्या माणसाला. त्याला टपालखात्याशी काही देणंघेणं नसतं.

मग तिनं जेवणाच्या डब्यातला डाव घेतला आणि पाणी उपसून बघायला सुरुवात केली. आधी खाडीकाठची डबकी. डास होतेच, पण खाऱ्या पाण्यातले, हा ताप वाहून नेणारे नव्हेत. मग बांधकामावरचा सिमेंट भिजवायचा हौद. पिंपं. लिफ्टसाठी खणून ठेवलेला खड्डा, त्यात गुडघाभर स्वच्छ, गोडं पाणी. डाव वर आला तो अळ्यांनी वळवळत. त्या अळ्या पाण्याच्या पृष्ठाला आडव्या, समांतर पडून होत्या. मलेरियाच्या डासाच्या अळ्या अशाच पडतात; हाच तो डास. फवारणीचं पथक इथून दोनशे पावलांवर जाळ्यांवर औषध मारत होतं, आणि इथं लिफ्टच्या खड्ड्यात त्याचं गोकुळ नांदत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं चिठ्ठ्या, अळ्यांची बाटली आणि नवा तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला, बरोबर ब्राझीलच्या कार्डावर. सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तक्ता मी केला, दुरुस्ती छापू या, असंही सांगितलं. साहेबांनी बाटली दोन बोटांनी बाजूला सरकवली.

“सगुणाबाई, या लेखाला चौदा देशांतून मागणी आली आहे. नऊ ठिकाणी त्याचा आधार घेतला गेला आहे. एवढे विद्वान लोक काय डोळे मिटून आधार घेतात? चूक असती तर कोणीतरी दाखवून दिली असती.”

“मी दाखवतेय ना.”

“तुम्ही सहलेखिका आहात.”

“म्हणूनच दाखवतेय. बरं, दुरुस्ती राहू दे. निदान त्या खड्ड्यांत औषध टाकायला पथक पाठवा. आठवड्याभराचं काम आहे.”

“पुढच्या वर्षीच्या पाहणीत घेऊ,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी फाइल ओढली.

पुढच्या वर्षीच्या पाहणीत! जणू डासानं साहेबांच्या कचेरीत अर्ज केला होता, की मलाही पुढच्या वर्षीच येऊ द्या.

सप्टेंबरात रंगूबाईला पुन्हा ताप आला. पाचवा महिना होता तिला. दौलतनं दोन दिवस शेडमध्येच काढले. तिसऱ्या दिवशी ती ओळख विसरली तेव्हा त्यानं तिला हातगाडीवर घालून जाईबाईच्या दारात आणलं, कारण ठाण्यात त्याला माहीत असलेलं घर ते एकच. मोरूनं टेम्पो काढला. दवाखान्यात पोचायच्या आत रंगूबाई गेली. तिच्या रक्ताची काच सगुणानं स्वतः रंगवली. इतक्या अंगठ्या तिनं एका काचेवर कधी पाहिल्या नव्हत्या. मृत्यूच्या नोंदीत पत्त्यापुढं पुन्हा तेच लिहिलेलं होतं, रा. जाईबाईचं घर, बाळकुम. साहेबांनी ती नोंद पाहिली आणि म्हणाले, “पाहिलंत? कोळीवाडाच.”

सगुणानं त्या दिवशी जे काही ऐकवलं ते शिपायापासून कारकुनापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. सरोज मागाहून म्हणाली, “अगं, मी तर दार लावायला धावलेले. पण लावलं नाय. म्हटलं, ऐकू देत.”

मग तिनं एकटीनं लेख लिहिला. केंद्राचा पत्ता वापरायला साहेबांनी लेखी मनाई केली, म्हणून पत्त्याच्या जागी तिनं घरचा पत्ता दिला. ज्या नियतकालिकानं पहिला लेख छापला होता त्यांनी कळवलं, की प्रमुख लेखकाची संमती आणा. संमती! दुसऱ्याकडे पाठवला, त्यांनी आठ महिने ठेवून परत केला. तिसऱ्यांनी म्हटलं, विषय स्थानिक स्वरूपाचा आहे. पहिला लेखही बाळकुमचाच होता, तो बरा सगळ्या जगाचा झाला. शेवटी एक्याण्णव साली एका लहानशा पत्रिकेच्या शेवटच्या पानांत तो छापून आला, आणि त्याच महिन्यात तिची कल्याणला बदली झाली. तिथं एका गोदामात लसींच्या पेट्यांचं तापमान लिहायचं. काचा नाहीत, सूक्ष्मदर्शक नाही. सकाळी एकदा लिहायचं, दुपारी एकदा लिहायचं.

पोस्टकार्डांची ती वाट पाहायची. जाईबाईला तिनं सांगून ठेवलं होतं, की परदेशी तिकिटाचं काही आलं तर वेगळं काढून ठेव. जाईबाई दौलतच्या पत्रांचा डबा रोज चाळायची. गावाकडची पत्रं यायची, लग्नाच्या पत्रिका यायच्या. दौलतच्या सासऱ्याचं एक पत्र आलं, त्यात रंगूबाईची खुशाली विचारलेली होती. त्याला अजून कुणी कळवलंच नव्हतं. ते पत्र सगुणानंच वाचलं, आणि उत्तरही तिलाच लिहावं लागलं. परदेशी तिकिटाचं काही आलं नाही.

मुंबईत एका मोठ्या ग्रंथालयात, कोणत्या लेखाचा आधार जगात कोणीकोणी घेतला याची जाडजूड सूची असायची. अक्षर मुंगीएवढं. वर्षातून एकदा ती रजा काढून तिथं जायची आणि भिंग लावून बसायची. साहेबांचा लेख वाढत होता. तेवीस. अठ्ठेचाळीस. एकसष्ट. तिनं ते लेख काढून वाचले. एकानं लिहिलं होतं, खाडीकाठच्या मच्छीमारांत हा ताप आढळतो. दुसऱ्यानं त्याच्यावरून लिहिलं, पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत. तिसऱ्यानं सरळ लिहून टाकलं, मच्छीमार समाजाच्या झोपण्याच्या सवयींमुळं. बाळकुमला कोणी आलेलं नव्हतं. एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सगळे सह्या करत सुटले होते. साहेब दरम्यान सल्लागार झाले, समित्यांवर गेले, आणि त्यांच्या सत्काराच्या बातमीत ‘जगभरात आधार घेतलेलं संशोधन’ असं छापून आलं.

तिचा स्वतःचा लेख सूचीत तीन वर्षं नव्हताच. चौऱ्याण्णवच्या सूचीत एकदा दिसला! एक आकडा. तिनं तो लेख शोधायला ग्रंथपालाला तासभर पिटाळलं, शेवटी मिळाला. त्यात लिहिलं होतं, मच्छीमार वस्त्या हे या तापाचं घर असल्याचं वारंवार सिद्ध झालं आहे. आणि आधारासाठी कंसात दोन नावं: कारखानीस आणि कोळी सत्त्याऐंशी, कोळी एक्याण्णव. भल्या माणसानं मथळासुद्धा पुरता वाचला नव्हता. सगुणा त्या शांत ग्रंथालयात मोठ्यानं हसली. ग्रंथपाल ओठांवर बोट ठेवून आला, तर तिनं त्यालाच ते पान दाखवलं. “वाचा,” ती म्हणाली, “मी काय म्हणाले आणि यानं काय ऐकलं ते वाचा.” त्याला अर्थातच काही कळलं नाही. त्यानंतर ती ग्रंथालयात गेली नाही.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये गोदामात मोरूचा फोन आला. तो आता माजिवड्याला एका नव्या इमारतीत तळमजल्यावर राहत होता. बायको बाळंत झाली म्हणून जाईबाई महिनाभर त्याच्याकडेच होती. “आईला ताप आहे,” तो म्हणाला. “काल फार बडबडायला लागली. नर्सिंग होममध्ये ठेवलीय.”

सगुणा पोचली तेव्हा जाईबाई शुद्धीवर होती, हाताला सलाईन. तरुण डॉक्टरीणबाई, नाव जया, हसतमुखानं सामोरी आली. “घाबरू नका. फाल्सिपेरम आहे, पण आपण वेळेत पकडला. मावशींनी बाळकुम कोळीवाडा सांगितलं ना, तेव्हाच मी रिपोर्टची वाट न बघता औषध चालू केलं. तुमच्या भागात हा असतोच. आमच्या पुस्तकात आहे.”

“दाखवा,” सगुणा म्हणाली.

पुस्तकात खरंच होतं. चौकटीत दोन ओळी, खाली बारीक अक्षरांत ‘कारखानीस आणि कोळी’.

“यातली कोळी मी,” सगुणा म्हणाली.

डॉक्टरीणबाई उडालीच. “अय्या! मॅडम, तुम्ही? आम्ही परीक्षेला पाठ केलेलं हे!”

नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या कामाचं तोंडावर कौतुक केलं होतं, आणि ते नेमकं याचं. वर त्याच खोट्यामुळं आज तिच्या आईचा जीव वाचला होता. आभार मानावेत की पुस्तक फेकून द्यावं, हे तिला कळेना. कान मात्र तापले.

“आता तिला विचारा,” ती म्हणाली, “गेला महिनाभर ती झोपत कुठं होती.”

“कुठं म्हंजे?” जाईबाई खाटेवरून म्हणाली. “मोरूच्या घरान. लिफ्टच्या बाजूच्या खोलीन. रातभर मच्छर खातान.”

“मग मावशी, पत्ता बाळकुमचा का दिलात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

जाईबाईनं तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “पत्ता म्हंजे जिथं पत्र येतं तो. माजी पत्रां बाळकुमला येतान.”

सगळं आयुष्य ज्या एका वाक्याशी भांडण्यात गेलं, ते तिच्या जन्मदात्या आईच्या तोंडून आलं. तिनं डॉक्टरीणबाईकडे पाहिलं. बाई हुशार होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

“म्हणजे त्या पुस्तकात...” ती म्हणाली.

“हो. त्यातही असंच झालं. तुमचा फॉर्म कुठाय, रोग्याच्या नोंदीचा?”

“तो सकाळीच गेला, मॅडम. बाळकुमचा पत्ता घालून.”

म्हणजे आता पथक कोळीवाड्यात जाणार. सगुणानं रजेचा अर्जही केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाईबाईच्या कुलूप लावलेल्या दारापुढं पायरीवर जाऊन बसली. दहाच्या सुमारास पंपवाले आले. पुढं पोपट होता, केस पिकलेले, आता पथकाचा मुकादम.

“ताई, तुम्ही इथं?” तो चपापला. मग कागद पुढं करून म्हणाला, “केस आलेली आहे. बघा ना, रा. जाईबाईचं घर, बाळकुम. फवारायलाच पाहिजे.”

“हे वाक्य तू पहिल्यांदा कधी लिहिलंस, आठवतं?”

पोपटनं कागद पुन्हा वाचला.

“दौलतच्या चिठ्ठीवर. त्याच्या बायकोच्या चिठ्ठीवर. तीच, जिला मोरूच्या टेम्पोतून नेलं होतं. ती इथं कधी झोपली नव्हती, पोपट. एक दिवससुद्धा नाही. या घराचं कुलूप काढणार नाही मी. पंप उचल आणि माझ्याबरोबर चल.”

“कागद बाळकुमचा आहे ताई, माजिवड्याला कसा जाऊ? माझी नोकरी...”

“माझी काचांची नोकरी गेलीच आहे त्यात,” सगुणा म्हणाली. “चल म्हणते ना!”

तिचा आवाज ऐकून आवडाबाई बाहेर आली, तिच्यामागं अख्खी आळी. आठ वर्षांपूर्वी ज्यांची सुकट गेली होती त्या सगळ्या बायका. सगळ्या पायरीभोवती उभ्या राहिल्या. पोपटनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पंप पाठीवर घेतला.

मोरूच्या इमारतीत लिफ्ट अजून बसलेली नव्हती. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या. सगुणानं मोरूच्या स्वयंपाकघरातून डाव मागून घेतला, फळी सरकवली, वाकली, आणि भरलेला डाव पोपटच्या नाकाखाली धरला. पाण्यात आडव्या पडलेल्या अळ्या दिसायला त्याला चष्मा लागला नाही.

“बापरे,” तो म्हणाला. त्यानं खड्ड्यात औषध ओतलं, पुन्हा एकदा ओतलं. मग खिशातून पेन काढून कागदावर ‘बाळकुम’वर काट मारली आणि वर लिहिलं, माजिवडा, तळमजला, लिफ्टशेजारी. कागद त्यानं सगुणापुढं धरला. “ताई, इथं तुमची सही लागेल. दुरुस्ती तुम्ही सांगितलीत असं.”

“माझी नको,” ती म्हणाली. “माझ्या नावाचं एक छापून झालंय, ते अजून वाचतायत लोक. तू बघितलंस ना? मग तू कर.”

पोपटनं सही केली. मग तो मोरूच्या दाराशी गेला, बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या जाईबाईच्या सुनेपुढं बाळाच्या रक्तासाठी नवी चिठ्ठी काढली, आणि सवयीनं ‘पत्ता काय’ म्हणायला तोंड उघडलं. तो थांबला. सगुणा मागं उभी होती.

“वहिनी,” त्यानं विचारलं, “बाळ झोपतं कुठं?”